पांढरीच्या टेकावर प्लॉट पडणार: आधी जमिनीखाली काय आहे ते बघायची काही रीत आहे का?

भोगावतीकाठ

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात नदीपासून हाकेच्या अंतरावर आमची अडीच एकर जमीन आहे. वडील आणि दोन चुलते, तिघांची सामाईक. आजवर ऊस होता. आता गाव शहराला भिडलंय, तेव्हा एनए करून प्लॉट पाडायचं घरात ठरलं. माझा त्याला विरोध नाही, हे आधीच सांगतो. धाकट्या चुलत्यांना पैशाची खरोखर गरज आहे.

या जमिनीचा वरचा कोपरा, साधारण बारा गुंठे, बाकीच्या रानापेक्षा पुरुषभर उंच आहे. त्याला आम्ही 'पांढरीचं टेक' म्हणतो. आजोबांनी तिथं कधी ऊस लावला नाही. "ते जुनं गाव हाय, तिथं नांगर खोल घालायचा न्हाई," एवढंच म्हणायचे.

गेल्या मंगळवारी सपाटीकरणाला जेसीबी आला. टेकाची नदीकडची बाजू तासाभरात दोन-अडीच मीटर उभी कापली गेली. आणि त्या कापात केकच्या कापासारखे थर दिसायला लागले. तळाला काळी माती. तिच्यावर चार बोटं राख. मग पिवळसर चोपलेली जमीन, तिच्यावर विटांची सरळ ओळ. एक वीट सुटून खाली पडली होती, ती कोपरापासून मनगटाच्याही पुढं भरली. राखेत खापरं आणि शंखाच्या बांगडीचा एक तुकडा. तुकड्यावर तिरप्या रेघा कोरलेल्या आहेत, अजून स्पष्ट दिसतात.

ऑपरेटर पोरगं चांगलं. त्यानंच विचारलं, "दादा, थांबवू का?" मी थांबवायला लावलं. त्या दिवसाचं भाडं गेलं, घरात बोलणीही बसली.

प्रश्न सरळ आहे. प्लॉट पाडायच्या आधी असल्या जमिनीची तपासणी करायची काही व्यवस्था आपल्याकडे आहे का? कुणाला सांगायचं? आणि सांगितलं तर जमीन अडकते का? माझ्या मते अशी तपासणी जेसीबी यायच्या आधीच व्हायला पाहिजे. पण मत असून काय उपयोग, वाट माहीत नाही.

रंकाळ्याची_हवा

फोटो टाका की भावा. विटेशेजारी पट्टी ठेवून.

सर्जा_राजा

मोलाचा सल्ला देतो, कुणालाही सांगू नका. माझ्या मावसभावाच्या रानात पाया काढताना दगडी खांब निघाला. एका कार्यालयात कळवलं. आठ महिने कुणी बघायला आलं नाही आणि बांधकामही सुरू करता आलं नाही. शेवटी खांब बांधावर पडून राहिला, कर्जाचं व्याज मात्र भरावं लागलं. जुनं जपावं हे मलाही कळतं. पण त्याची किंमत एकट्या शेतकऱ्यानं का मोजायची?

वकील_करवीर

सर्जा_राजा, तुमच्या मावसभावाचा त्रास खराच आहे, पण त्यावरून काढलेला सल्ला धोक्याचा आहे. दोन-तीन गोष्टींची गल्लत होते, त्या वेगळ्या करून सांगतो.

बांधकामाला बंदी येते ती संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्मारकाभोवती. केंद्राचा कायदा १९५८ चा, त्यात २०१० साली दुरुस्ती झाली. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा. तुमच्या रानात वीट निघाली म्हणून तुमचं रान आपोआप संरक्षित स्मारक होत नाही. त्यासाठी सरकारला अधिसूचना काढावी लागते, हरकती मागवाव्या लागतात.

दुसरा कायदा गुप्तधनाचा, १८७८ चा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये ही मर्यादा तेव्हाची आहे. नाणी, दागिने, मूर्ती निघाली तर गप्प बसणं हा गुन्हा ठरतो. आणि कळवलं की सगळं जप्तच होतं असंही नाही. सरकारनं वस्तू ठेवून घेतली तर मोल द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे.

आता भोगावतीकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. खाजगी जमिनीवर लेआउट मंजूर करताना आधी पुरातत्त्वीय पाहणी करून घ्या, अशी सरसकट सक्ती आपल्याकडे नाही. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीच्या अर्जात जवळपासच्या वारसास्थळांची माहिती द्यावी लागते. अडीच एकराच्या प्लॉटिंगला तेही लागत नाही. म्हणजे तुम्ही जेसीबी थांबवलात ते तुमच्या मनानं. कायद्यानं तुम्हाला कुणी थांबवलं नसतं.

खापरवेडी

भोगावतीकाठ, तुमचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. मी पुरातत्त्वात एमए केलंय, शिकताना दोन हंगाम गावोगाव पायी सर्वेक्षण केलं. 'पांढर' हा शब्द आमच्यासाठी नकाशावरच्या खुणेसारखा. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली की मातीच्या भिंती पडतात, त्यांवर नवी घरं उठतात, चुलीची राख, शेण, हाडं, कोंडा सगळं तिथंच मुरतं. ती माती फिकट, भुसभुशीत होते आणि जागा हळूहळू उंचावते. आजोबा 'जुनं गाव' म्हणत होते ते शब्दशः खरं होतं.

आधी ही कामं करा:

कापलेली बाजू प्लास्टिकच्या कागदानं झाका. पाऊस लागला तर थर ढासळतील. झाकायच्या आधी समोरून सरळ फोटो काढा, शेजारी मोजपट्टी उभी धरून. खापरं घासून धुऊ नका, आतल्या बाजूला काजळी किंवा अन्नाचा थर असेल तर तोच महत्त्वाचा. राखेतली खापरं एका कागदी पिशवीत, विटांच्या वरची दुसऱ्या, आणि पिशवीवर पेन्सिलनं कुठली ते लिहा. सगळी एका पोत्यात भरलीत तर त्यांचं बोलणं बंद झालं समजा.

नुसत्या विटेवरून काळ सांगणार नाही. मोठ्या विटा सातवाहन काळात सर्रास दिसतात, पण जुन्या विटा उपटून पुढच्या लोकांनी वापरल्याचीही उदाहरणं आहेत. खापर आणि थर दोन्ही बघायला पाहिजेत. विटेची लांबी, रुंदी, जाडी तिन्ही मापं कळवा.

तांबडा_पांढरा

धागा पांढरीचा, म्हणून मला यावंच लागलं. वाटी घेऊन बसलोय, चालू द्या.

जुना_राजारामियन

कोल्हापूरकरांनी हा प्रश्न विचारावा हे योग्यच आहे, कारण आपलं शहरच अशा एका टेकाडावरून सुरू होतं. पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी. आज वरून चालत गेलात तर दाट घरं दिसतात. तिथं १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहन काळातली विटांची घरं निघाली, वरच्या थरांत बहामनी काळातल्या रंगीत काचेच्या बांगड्या. ब्रह्मपुरीच्याच कांस्य वस्तूंत पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती आहे. रोमन जगातली वस्तू घाट चढून पंचगंगेच्या काठी आली, म्हणजे या गावाचा व्यापार कुठवर पोचला होता बघा. अहवाल १९५२ साली छापला गेला. टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन या वस्तू बघा. शाळेच्या सहलीत धावत बघतो तशा नको, निवांत.

शिलालेखांचंही तसंच. राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदणगार यांनी कोल्हापूर संस्थानातले आणि उत्तर कर्नाटकातले लेख गोळा करून १९३९ मध्ये ग्रंथ काढला. त्यांनी तेव्हा ते उतरवून घेतले म्हणून आज आपल्याला वाचता येतात.

माझं म्हणणं एवढंच की ब्रह्मपुरी वेळेत खणली गेली. दहा-वीस वर्षं उशीर झाला असता तर घरांखाली सगळं गेलं असतं. आज शहराभोवतीच्या प्रत्येक नदीकाठच्या गावात तीच वेळ आली आहे.

बीडकर_पैलवान

आमच्या कसबा बीडात या, तुळशी-भोगावतीच्या संगमावर. वीरगळ, म्हंजी लढाईत पडलेल्या वीरांचं कोरीव दगड, किती म्हणून दाखवू. देवळाजवळ, वाटंला, जिथं बघंल तिथं उभं. भोज राजाची राजधानी हितं होती असं गावात सांगत्यात. पावसाळ्यात रानात सोन्याची बारकी नाणी घावत्यात, त्याला 'बेडा' म्हणत्यात. ज्याला घावलं त्यो देव्हाऱ्यात पुजतो, इकत न्हाई. आमच्या गावात लहान पोरगंबी वीरगळावर पाय देत न्हाई. हे कुठल्या कायद्यानं शिकिवलं नाही.

खापरवेडी

पैलवानदादा, वीरगळांबद्दल तुमच्या गावाचं कौतुक वाटतं. बेड्याबद्दल एक विनंती. नाणं कुठल्या रानात, किती खोल, कशाच्या शेजारी सापडलं हे कुणीतरी वहीत लिहून ठेवावं. गावात एखादे शिक्षक असतील तर त्यांच्याकडं काम द्या. नाणं देव्हाऱ्यात गेलं की त्याचा पत्ता हरवतो. आणि वकीलसाहेब वर म्हणालेत तसं, सोन्याचं नाणं कळवायचंच असतं.

सर्जा_राजा

सगळं ऐकायला छान. पण माझ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही. खर्च कोण देणार? तपासणी होईतो जेसीबी उभा, बुकिंगवाले पैसे परत मागणार, चुलत्यांच्या घरात लग्न. ज्याच्याकडं अडीच एकर आणि तीन वाटेकरी आहेत त्याला सांकलियांची गोष्ट सांगून काय उपयोग?

माहेर_कागल

सर्जा_राजा, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि मला रोज त्याचंच उत्तर जगावं लागतं. मी कागलची. गेली चार वर्षं इंग्लंडमध्ये एका उत्खनन कंपनीत काम करते. इथं माझं पोट याच कामावर चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९० साली इथं सरकारनं नियोजन खात्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जो जमीन विकसित करणार, त्यानंच खाली काय आहे ते आधी तपासायचं आणि खर्चही त्यानंच करायचा, हे तेव्हापासून रुळलं. फ्रान्समध्ये २००१ च्या कायद्यानं ही पद्धत पक्की केली. तिथं बांधकाम करणाऱ्यांकडून कर घेतात आणि मुख्यतः इनराप नावाची सरकारी संस्था खोदकाम करते. म्हणजे भार एका शेतकऱ्यावर पडत नाही, जमिनीच्या वाढलेल्या भावातून तो निघतो.

काम कसं चालतं ते सांगते. पहिल्यांदा टेबलावर बसून जुने नकाशे, विमानातून काढलेले फोटो, आसपास पूर्वी काय सापडलं ते बघायचं. मग नांगरलेल्या शेतातून ओळीनं चालत खापरं गोळा करायची. त्यानंतर यंत्रानं जमिनीतले चुंबकीय बदल मोजायचे, भाजलेली माती आणि बुजलेले खंदक त्यात उमटतात. हे झालं की चाचणीचे चर. शेताच्या दोन ते पाच टक्के भागात, साधारण दोन मीटर रुंदीचे लांबलचक पट्टे.

हे चरही यंत्रानंच काढतात बरं का. फक्त बकेट दात नसलेली, सपाट धारेची. दाताची बकेट माती फाडते, सपाट बकेट साय काढल्यासारखी काढते. मी बकेटच्या समोर उलट पावली चालत असते, नजर मातीवर. एका वेळी चार बोटं माती निघते. रंग बदलला की हात वर करायचा, ऑपरेटर थांबतो. काळपट गोल डाग दिसला तर तो लाकडी खांबाचा खड्डा असू शकतो. खांब कधीच कुजून गेला, पण डाग राहतो. तुमच्या त्या ऑपरेटर पोरानं "थांबवू का" विचारलं ना, त्याला माझा नमस्कार सांगा. इथं आम्ही असे ऑपरेटर मागून घेतो.

बहुतेक चरांत काहीच मिळत नाही. मग मालकाला कागद मिळतो आणि तो निर्धास्त बांधकाम करतो. काही सापडलं तर दोन वाटा. एक, नीट खणून, नोंदी करून जागा मोकळी करून द्यायची. दुसरी, नकाशाच बदलायचा. जिथं अवशेष आहेत तिथं बाग किंवा मैदान ठेवायचं, घरं बाजूला सरकवायची. दुसरी वाट मालकाला पुष्कळ स्वस्त पडते.

उजनीचा_पाहुणा

मी सोलापूरकडचा. पळसदेवचं देऊळ उजनीच्या पाण्यात आहे, उन्हाळ्यात धरण आटलं की वर येतं आणि आम्ही नावेनं बघायला जातो. दरवेळी वाटतं, पाणी यायच्या आधी त्या गावात काय काय असेल. आपल्याकडं असं आधी खणायचं काम कधीच झालं नाही का?

जुना_राजारामियन

झालंय, आणि मोठं झालंय. आंध्रात नागार्जुनसागर धरणात नागार्जुनकोंड्याचं अख्खं खोरं बुडणार होतं. १९५४ ते १९६० तिथं सलग उत्खनन केलं, आणि काही वास्तू उचलून उंचावर नेऊन पुन्हा उभ्या केल्या. आज ते बेट आहे, त्यावर संग्रहालय आहे. इच्छा असली की होतं. पण ते धरण सरकारचं होतं. खाजगी प्लॉटिंगसाठी तसं कुणी येत नाही, ही आपली अडचण.

ऊसवाला_शिरोळ

पांढरीचं अजून एक सांगतो. जेसीबी यायच्या किती तरी आधी आम्हीच पांढरी संपवल्या. आमच्याकडं टेकाडाची माती बैलगाडीनं रानात टाकायची. खत म्हणून. पीक खरंच जोमानं यायचं. माझ्या लहानपणी आमच्या गावाचं टेकाड शाळेच्या कौलाएवढं होतं, आता कमरेएवढं राहिलंय. मातीत मणी घावायचे, आम्ही पोरं गोट्या म्हणून खेळायचो. आता कळतंय आणि जीव हळहळतो.

खापरवेडी

राख, शेण आणि हाडांमुळं त्या मातीत पिकाला लागणारं सगळं असतं, म्हणून पीक जोमदार यायचं. तुमच्या वडिलांची चूक नाही हो, त्यांना ते खतच होतं. कमरेएवढं राहिलंय ना, तेही पुष्कळ आहे. खालचे थर सगळ्यात जुने असतात. ऊस तुटल्यावर, पाचट काढल्यावर आणि एक बरा पाऊस झाल्यावर त्या रानातून चालून बघा. पाऊस माती धुतो आणि खापरं वर उघडी पडतात. लावण झाली की वर्ष-दीड वर्ष काही दिसत नाही.

लेआउट_इंजिनीअर

सगळा धागा वाचला. माझं रोजचं काम लेआउटचे नकाशे काढायचं. खरं सांगतो, पाया खणताना दगडी जोतं लागलं की रात्रीतून भरून टाकायला सांगणारे मालक मी पाहिलेत. त्यामागं लबाडीपेक्षा भीती जास्त असते, सर्जा_राजांच्या मावसभावाचं ऐकून बसलेली.

भोगावतीकाठ, माहेर_कागलताईंची दुसरी वाट तुमच्याकडं आजच्या नियमात बसते. एक एकरापेक्षा मोठ्या लेआउटला १० टक्के खुली जागा सोडावीच लागते, ती विकता येत नाही. अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे, म्हणजे दहा गुंठे तुमचे असेही जाणारच आहेत. बहुतेक लोक ती खुली जागा मिळेल त्या वेड्यावाकड्या कोपऱ्यात ढकलतात. तुम्ही ती टेकावर ठेवा. बारा गुंठ्यांतले दहा तिथंच बसले. राहिले दोन, ते कडेच्या दोन मोठ्या प्लॉटांच्या मागच्या सोडायच्या अंतरात घेता येतील. प्लॉटांची संख्या एकानंही कमी होणार नाही. सपाटीकरणाचा खर्च वाचेल तो वेगळा. चुलत्यांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा. लागला तर मी फुकट काढून देतो.

सर्जा_राजा

हे पटलं. याला मी नाही म्हणणार नाही. हा हिशोब कुणी मांडला असता तर मावसभावाचाही खांब बांधावर पडला नसता.

खापरवेडी

फार छान. फक्त खुली जागा म्हणून पुढं तिथं कूपनलिका, पाण्याची टाकी किंवा सभागृह येणार नाही एवढं बघा. मोठ्या मुळांची झाडंही टेकावर नकोत, वड-पिंपळ तर नकोच, मुळं विटांच्या सांध्यात शिरतात. गवत लावा, फुलझाडं लावा. कापलेल्या बाजूला आधी नोंद होऊ दे, मग कापड अंथरून मातीनं पुन्हा उतार भरून घ्या.

भोगावतीकाठ

मंडळी, पंधरा दिवस लिहिलं नाही, माफ करा. रोज वाचत होतो.

इंजिनीअरसाहेबांनी सांगितलेला हिशोब वहीच्या पानावर काढून चुलत्यांसमोर ठेवला. मोठे चुलते आधी काही बोलले नाहीत. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि एक डबा घेऊन आले. त्यात शंखाच्या बांगडीचे तीन तुकडे, मातीचे मणी आणि एक लहान भोवरा. आजोबांनी टेकावरनं वेचून ठेवलेलं. पन्नास वर्षं कपाटात होतं, मला माहीत नव्हतं. "तुझ्या आजोबांनी जपलं, आपण काय म्हणून मोडायचं?" एवढं बोलले आणि विषय मिटला. धाकट्या चुलत्यांचे प्लॉट पहिल्यांदा विकायचे असंही ठरलं.

जिल्हाधिकाऱ्यांना पत्र दिलं, पोच घेतली. वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून पत्रात गट नंबर, फोटो आणि 'मौल्यवान धातूची वस्तू मिळालेली नाही' हे स्पष्ट लिहिलं. टाउन हॉलला जाऊन पोसायडनही बघून आलो. वीतभर सुद्धा नाही तो, पण काचेसमोरून हलवत नव्हतं.

विटेची मापं: लांबी ४१ सेंटीमीटर, रुंदी २२, जाडी ७. एका विटेच्या पाठीवर तीन बोटांनी ओढलेल्या खुणा आहेत, ओल्या मातीत ओढल्यासारख्या. मी माझी बोटं ठेवून बघितली, बसतात.

खापरवेडीताई, तुम्ही येऊन थर बघाल का? घरच्यांनीही विचारायला सांगितलंय.

खापरवेडी

येत्या रविवारी सकाळी आठला पोचते. भोवरा म्हणताय तो बहुधा भोवरा नाही, सूत कातायच्या टकळीची चाती असावी. मधे आरपार भोक आहे का बघा. काप अजून उघडू नका, मी आल्यावर मिळून उघडू.

भोगावतीकाठ

भोक आहे. आरपार.

रंकाळ्याची_हवा

पट्टी ठेवून फोटो टाका की भावा.